वरळीचा घुमट

आपल्याकडील प्रवासवर्णनांत तीर्थे, किल्ले, लेणी आणि थंड हवेची ठिकाणे यांस मानाचे स्थान मिळत आले आहे, व ते योग्यच आहे. परंतु ज्या वास्तूत देव नाही, समाधी नाही, लढाईची स्मृती नाही, आणि जेथे माणसे केवळ खेळावयास व खेळ पाहावयास जमतात, अशा वास्तूकडे प्रवासी लेखकांचे लक्ष सहसा जात नाही. वस्तुतः एखाद्या शहराची प्रकृती ओळखावयाची असेल, तर त्याच्या देवळांइतकीच त्याची क्रीडागारेही पाहिली पाहिजेत. कारण देवळात मनुष्य आपल्या मर्यादेने वागतो, खेळ पाहताना मात्र तो आहे तसा दिसतो. याच हेतूने मुंबईतील वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल बंदिस्त क्रीडागाराविषयी चार शब्द वाचकांपुढे ठेवीत आहे. या वास्तूस आजकाल सारी मुंबई ‘डोम’ म्हणते. नॅशनल स्पोर्ट्‌स क्लब ऑफ इंडिया या संस्थेची ही वास्तू असून तिच्या नावाची चार आद्याक्षरे जोडून ‘एन. एस. सी. आय. डोम’ असाही तिचा उल्लेख होतो.

आमचे पालम हे परभणी जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यातील, गोदावरीच्या खोऱ्यातील तालुक्याचे गाव. इकडील माणूस मुंबईस निघाला म्हणजे प्रथम एस. टी. ने गंगाखेडावरून परभणी गाठतो आणि तेथून रात्रीच्या आगगाडीत बसतो. संत जनाबाईचे गंगाखेड मागे पडते, परभणीस चहा होतो, आणि जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड ही स्थानके झोपेतच ओलांडून सकाळी डोळे उघडावेत तो गाडी मुंबईच्या उपनगरांत शिरलेली असते. जानेवारी २०२४ मध्ये माझ्या पुतण्याच्या डोंबिवलीच्या बिऱ्हाडी काही दिवस राहण्याचा योग आला. त्या आठवड्यात वरळीच्या डोममध्ये प्रो कबड्डीचे सामने चालू होते. शाळेतील मास्तरकीत मुलांच्या कबड्डीची शिट्टी मी बरीच वर्षे वाजविली होती. तेव्हा पुतण्याने ‘काका, या खेपेस सिद्धिविनायक आणि कबड्डी, दोन्ही करू’ असा बेत सुचविला, आणि मी तो आनंदाने मान्य केला. बरोबर त्याची तेरा वर्षांची मुलगी, म्हणजे माझी नात, होतीच.

पश्चिम रेल्वेच्या महालक्ष्मी स्थानकावर उतरले म्हणजे पुलावरूनच तो सुप्रसिद्ध धोबीघाट दिसतो. तेथून घोडदौडीचे विस्तीर्ण मैदान बाजूस ठेवून हाजी अलीकडे जावे, आणि लाला लजपतराय मार्गाने वरळीच्या रोखाने वळावे. समुद्राचा खारा वारा अंगावर येतो, मोटारींची अखंड रांग वाहत असते, आणि अशा त्या गजबजाटात एक भला मोठा वर्तुळाकार घुमट दृष्टीस पडतो. सभोवारच्या गगनचुंबी इमारतींपुढे त्याची उंची काहीच नव्हे. परंतु त्या इमारती मनुष्यांना एकावर एक रचून वेगवेगळ्या खोल्यांत ठेवतात, आणि हा घुमट हजारो मनुष्यांना एका छताखाली समोरासमोर बसवितो. हा भेद रस्त्यावरूनच ध्यानात येतो.

आत शिरल्यावर प्रथम जाणवते ती मोकळीक. भोवताली पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेल्या बैठकी, मध्ये खाली क्रीडाभूमी, आणि वर घुमट. दृष्टीच्या आड येणारा खांब मध्ये कोठेही नाही. खेळाच्या वेळी येथे पाच हजारांच्या आसपास प्रेक्षक बसू शकतात. घुमटाचे रहस्य आपल्या लोकांस नवे नाही. विजापूरचा गोलघुमट सतराव्या शतकात पुरा झाला. त्याच्या आतील पोकळीचा व्यास सुमारे ३८ मीटर असून तीत एकही खांब नाही. घुमटाचा भार खाली येतो तसा बाहेरही ढकलू पाहतो. विजापूरच्या कारागिरांनी तो रेटा जाड भिंती आणि एकमेकींस छेदणाऱ्या कमानी यांच्या साहाय्याने सावरला. आजचे बांधकाम करणारे तेच काम पोलादाच्या हलक्या सांगाड्याने आणि तळाशी असलेल्या पट्ट्याने करतात. पिंपाला लोखंडी कडे घालावे तसा हा पट्टा घुमटास फाकू देत नाही.

मात्र गोलघुमटात जे कौतुकाचे, ते क्रीडागारात अडचणीचे ठरते. विजापुरास सज्जात उभे राहून एक टाळी वाजविली तर ती अनेक वेळा परत येते, आणि मुले आनंदाने नाचतात. येथे मात्र पाच हजार मंडळी एकदम ओरडणार, वर ध्वनिवर्धक गर्जणार, आणि तशातच पंचाची शिट्टी खेळाडूस ऐकू गेली पाहिजे. म्हणून अशा वास्तूंच्या छतास व भिंतींस आवाज शोषून घेणारे मऊ सच्छिद्र आवरण द्यावे लागते. घुमट बांधणे ही अर्धी विद्या. त्याला गप्प बसविणे ही उरलेली अर्धी.

सामना रात्री आठ वाजता सुरू झाला. दिवे मालवले, केवळ मधला चौकोन उजळला, आणि तालासुरांच्या गर्जनेत दोन्ही संघ धावत आत आले. आमच्या काळ्या मातीत खडूने नव्हे तर चुन्याने आखलेले मैदान ज्याने पाहिले आहे, त्यास तो रंगीत, गुळगुळीत, तुकडे एकमेकांत अडकवून अंथरलेला मऊ गालिचा पाहून मौज वाटेल. पडणाऱ्या खेळाडूच्या कोपराला तो जपतो हे खरे. परंतु त्यावर पाय मातीपेक्षा वेगळा रुततो, म्हणून खेळाची रीतही बदलते. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा असते, आणि घड्याळाचे आकडे मोठ्या पडद्यावर उलटे पळत असतात. दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसरीत गुण मिळवावा, नाही तर बाद व्हावे, असा नियम आहे. त्यामुळे रेंगाळण्यास जागा उरत नाही. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव केव्हा संपले ते कळले नाही. खेळाडूंत हरियाणाचे होते, आपल्या महाराष्ट्राचे होते, इराणचेही होते. त्यांतील कित्येकांच्या चेहऱ्यांवर शेतावरचे ऊन अद्याप स्पष्ट दिसत होते. हा खेळ खेड्यातून आला आणि तो खेड्यातील मुलांना येथवर घेऊन आला, याचा त्या रात्री मनापासून आनंद झाला.

येथे थोडे मागे जाणे अवश्य आहे. कबड्डी अथवा हुतूतू या खेळास नियमांचे बंधन घालण्याचे पहिले काम विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत महाराष्ट्रातच झाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा त्यात मोठा वाटा होता. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी आपले देशी खेळ दाखवून आले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. एवढे होऊनही सर्वसामान्य सुशिक्षित घरात हा खेळ शाळेच्या पटांगणाबाहेरचा मानला जात नसे. ती स्थिती पालटली २६ जुलै २०१४ रोजी. त्या दिवशी याच वरळीच्या घुमटाखाली प्रो कबड्डीचा पहिला सामना मुंबई व जयपूर या संघांत झाला, आणि ३१ ऑगस्ट रोजी त्याच दोन संघांत येथेच अंतिम सामना होऊन जयपूरने ३५-२४ अशी बाजी मारली. वाचकांनी महिन्यांकडे लक्ष द्यावे. जुलै आणि ऑगस्ट! ज्या दिवसांत मुंबईत छत्रीवाचून पाऊल टाकता येत नाही आणि आमच्याकडे काळ्या रानात पाय घोट्यापर्यंत रुततो, त्या दिवसांत कबड्डीचा मोसम बसविता आला, तो केवळ छपरामुळे. छपराने खेळाला पाऊस, ऊन आणि अंधार या तिन्हींपासून मोकळे केले.

घरी परतताना लोकलच्या डब्यात मी मनाशी एका शब्दाचा विचार करीत होतो. तो शब्द ‘रंग’. संस्कृतात रंग म्हणजे नाटकाची जागा, आणि रंग म्हणजेच मल्लांच्या झुंजीची जागा. खेळ व नाटक यांस एकच शब्द पुरला, कारण पूर्वजांच्या दृष्टीने मुख्य गोष्ट एकच होती: मध्ये काही थोडे करणारे आणि भोवती पुष्कळसे पाहणारे. आज ‘बहुउद्देशीय’ म्हणून जे नवे विशेषण आपण अशा वास्तूंस लावतो, ते त्या एका दोन अक्षरी शब्दात आधीच होते.

परंतु आपल्या ग्रंथांतील रंगांच्या कथा आठवू लागलो म्हणजे आणखी एक गोष्ट दिसते. भागवतात कंसाने मथुरेस रंग सजविला, चाणूर-मुष्टिकांस सिद्ध केले, आणि दारात कुवलयापीड नावाचा हत्ती उभा केला. आतील मल्लांशी गाठ पडण्यापूर्वी कृष्ण-बलरामांना त्या दारातल्या हत्तीशी लढावे लागले. महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा दाखविण्याकरिता सपाट भूमी मोजून घेतली व प्रेक्षागार उभारले. राजा, राजस्त्रिया, नगरजन सारे जमले. अर्जुनाचे कौशल्य पाहून सर्व थक्क झाले असता कर्ण आत आला आणि ते सर्व मीही करून दाखवितो म्हणाला. त्याने करूनही दाखविले. परंतु द्वंद्वाची वेळ येताच कृपाचार्यांनी त्याचे कुल विचारले, आणि त्या तेजस्वी पुरुषाची मान खाली गेली. तेथे हत्ती नव्हता. एक प्रश्न होता. काम मात्र त्याने हत्तीचेच केले.

तेव्हा कोणत्याही रंगाची परीक्षा त्याच्या छतावरून, दिव्यांवरून किंवा बैठकींच्या संख्येवरून करू नये. ती त्याच्या दारावरून करावी. आत कोण येऊ शकतो, आणि कशासाठी येऊ शकतो, हे विचारावे.

हा प्रश्न ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी कृतीने सोडविला, ते कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज. १९०२ साली ते सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकाकरिता विलायतेस गेले, आणि त्या प्रवासात रोम येथील प्राचीन रंगमंडल पाहून त्यांच्या मनात कुस्तीच्या मैदानाची कल्पना आली, असे सांगतात. रोमच्या त्या रंगमंडलावर उन्हासाठी कापडी छत ताणीत असत. म्हणजे छपराची हौस तेथेही होतीच. महाराजांनी छपराच्या भानगडीत न पडता जमीन खोल खणून बशीसारखे खासबाग मैदान १९१२ साली सिद्ध केले. मधला हौदा खाली व प्रेक्षक उतारावर, त्यामुळे शेवटच्या ओळीतील शेतकऱ्यासही कुस्ती तितकीच स्वच्छ दिसते. मातीत उतरणाऱ्या मल्लाची जात विचारण्याची सोय त्यांनी ठेवली नाही. त्या मैदानाच्या लगतच १९१५ मध्ये त्यांनी पॅलेस थिएटर उभारले. तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. एका बाजूस मल्लांचा रंग, दुसऱ्या बाजूस नटांचा रंग, आणि मध्ये फक्त भिंत! खेळ व करमणूक यांचे एकत्र संकुल म्हणतात ते महाराष्ट्रात प्रथम येथे दिसले, असे म्हणण्यास हरकत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीच, ते नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, तेव्हा कोल्हापूरची माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. दगडविटांकरिता कोणी रडत नाही. जेथे आपणास प्रवेश होता, अशा जागेकरिता माणूस रडतो.

आता वरळीच्या दाराकडे वळू. वल्लभभाई पटेल स्टेडियमचे नाव प्रथम गाजले ते १९५० नंतरच्या काळात दारासिंग व किंग काँग यांच्या कुस्त्यांमुळे. आमच्या लहानपणी ही नावे खेड्यातील पारावरही दुमदुमत असत, आणि दांडग्या मुलास ‘मोठा दारासिंग लागून गेलास’ असे म्हणण्याची रीत घरोघर होती. पुढे या घुमटाने नाना रूपे घेतली. येथे गाण्याचे जलसे झाले, विनोदी कार्यक्रम झाले, पारितोषिकांचे समारंभ झाले. ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेतील एन. बी. ए. या बास्केटबॉल संघटनेचे भारतातील पहिले दोन सामने इंडियाना व सॅक्रामेंटो या संघांत येथे झाले. त्यातील पहिला सामना जादा वेळेपर्यंत लांबून इंडियानाने १३२-१३१ असा केवळ एका गुणाने जिंकला. मला त्या आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटली. ती ही की पहिल्या दिवशी प्रेक्षकांच्या जागी मुंबईच्या शाळांतील तीन हजारांहून अधिक मुलेमुली बसविली होती. आणि ५ जुलै २०२५ रोजी शाळेतील भाषेच्या प्रश्नावरून मराठीच्या नावाने मोठा राजकीय मेळावा भरला, तोही याच छताखाली. आज गालिचा, उद्या लाकडी तक्त्यांची जमीन, परवा व्यासपीठ. एका रात्रीत जुने उचलून नवे मांडणारे जे शेकडो हात पडद्यामागे राबतात, तेच या वास्तूचे खरे यंत्र होय.

परंतु या घुमटाचे सर्वांत मोठे रूप कोणत्याही तिकिटावर छापले गेले नाही. १९२० च्या सालचे नव्हे, २०२० सालचे हे वृत्त आहे. मार्चअखेर वरळी कोळीवाड्यात करोनाचा उद्रेक झाला आणि तो सारा भाग बंद करण्यात आला. एका खोलीत आठ-दहा माणसे राहणाऱ्या वस्तीत रोग्यास वेगळे ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न होता. तेव्हा महानगरपालिकेने या क्रीडागाराचे विलगीकरण केंद्र केले, व पुढे तेथे रुग्णांवर उपचारही होऊ लागले. जेथे चढाई करणारा खेळाडू पाच हजार डोळ्यांसमोर दम धरीत असे, तेथे सुमारे पाचशे खाटा मांडल्या गेल्या, आणि त्यांवर पडलेली माणसे अक्षरशः श्वासासाठी झगडू लागली. प्रेक्षक नव्हते. टाळ्या नव्हत्या. खांब नसलेली ती प्रशस्त जागा, ती रुंद दारे, ती भरपूर स्वच्छतागृहे, ती विजेची सोय, हे सर्व खेळासाठी केलेले होते आणि ते प्राण वाचविण्याच्या कामी आले. त्या दिवसांत या दारात हत्ती नव्हता. कुल विचारले नाही, तिकीट विचारले नाही. विचारला तो फक्त ताप. सार्वजनिक वास्तूवर केलेला खर्च उधळपट्टी आहे असे म्हणणाऱ्या मंडळींनी या प्रसंगाचा शांतपणे विचार करावा.

इतके सांगून झाल्यावर एक गोष्ट उरते, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. सामना रंगात आला असता माझ्या नातीने माझ्या कानाशी लागून विचारले, “आजोबा, इथे मुलींचा सामना कधी असतो?” ही मुलगी शाळेच्या संघात कबड्डी खेळते. प्रो कबड्डीत खेळतात ते पुरुषांचेच संघ; तेव्हा तिला जे खरे होते ते सांगितले. ती एवढेच म्हणाली, “म्हणजे आम्ही नुसत्या बघायच्या.” गर्जना चालूच होती, परंतु मला एकाएकी हस्तिनापूरचे ते प्रेक्षागार आठवले. तेथेही गांधारी व कुंती उंच आसनांवर बसून नुसत्या पाहतच होत्या.

त्या मुलीच्या समाधानासाठी मी दुसऱ्या दिवशी तिला दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या खऱ्या आहेत. पहिली अशी की, २०१२ साली पाटण्यास, बंदिस्त क्रीडागारातच, महिलांची पहिली विश्वचषक कबड्डी स्पर्धा झाली. भारताने अंतिम सामन्यात इराणला हरविले, आणि त्या संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के व अभिलाषा म्हात्रे या आपल्या महाराष्ट्राच्या तीन मुली होत्या. दुसरी अशी की, २०१० पासून आशियाई स्पर्धांत महिलांच्या कबड्डीलाही पदक आहे. पुढे वर्षभराने, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये, मला तिला तिसरी गोष्ट पत्राने कळविता आली. दिल्लीच्या इंदिरा गांधी बंदिस्त क्रीडागारात खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत एकाच छताखाली, एकाच आठवड्यात, पुरुष व महिला या दोन्ही संघांनी नेपाळचा पराभव करून चषक जिंकले. पुरुषांचा नायक प्रतीक वाईकर आणि महिलांची नायिका प्रियंका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. जो खेळ आमच्या आज्यांनी परकरात खेळला आणि लग्न होताच सोडला, त्याच खेळाने त्यांच्या पणतींना दिल्लीच्या रंगात नेऊन उभे केले.

मुंबईत घुमट आहे, दिल्लीत आहे, पुण्यास १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. परंतु पालमसारख्या गावातील मुलीला यांचा उपयोग किती? जून उजाडला की आमच्याकडे काळी माती चिकट होते आणि मैदान चार महिने खेळास नालायक ठरते. हिवाळ्यात शाळा सुटेतो अंधार पडू लागतो, आणि अंधार पडला म्हणजे मुलगा खेळत राहतो, मुलगी घरी येते. मुलगा पावसात भिजत चिखलात लोळला तर त्याचे कौतुक. मुलगी लोळली तर तिच्या आईस चार शब्द ऐकावे लागतात. अशा स्थितीत छप्पर आणि दिवा ही चैन नाही. मुलाला छपराने सोय होते; मुलीला छपराने खेळ मिळतो.

यासाठी घुमट बांधावयास नको. निवृत्त मास्तराच्या सवयीने मी एक हिशेब मांडून पाहिला, तो वाचकांनी स्वतः पडताळून पाहावा. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ बाय १०. म्हणजे त्या जागेत लांबीच्या दिशेने अशी दोन मैदाने बसतात. बॅडमिंटनचे १३.४ बाय ६.१, ती आडवी टाकली तर चार बसतात. व्हॉलीबॉलचे १८ बाय ९; ते सहज बसते. खो-खोचे मैदान २७ बाय १६, म्हणून केवळ एक मीटर रुंदी अपुरी पडते. पडण्या-धावण्यासाठी भोवती मोकळी पट्टी ठेवली, रुंदी थोडी वाढविली आणि छप्पर उंच घेतले, की एका दालनात आपल्या मुलामुलींचे बहुतेक सारे खेळ मावतात. भिंती पुऱ्या नसल्या तरी चालेल; पत्र्याचे उंच छप्पर, टणक कोरडी जमीन, चार चांगले दिवे आणि स्वच्छ शौचकूप एवढे पुरे. तेच दालन गणेशोत्सवात व्याख्यानास, उन्हाळ्यात गरिबाघरच्या लग्नास, आणि गोदावरीस पूर आला तर काठच्या कुटुंबांस आसऱ्यास उपयोगी पडेल.

या हिशेबात मला एक गंमत आढळली. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेक्षागृहांचे प्रकार सांगून मर्त्य मानवांसाठी चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद असे मध्यम गृह उत्तम ठरविले आहे. याहून मोठे केल्यास स्वर अस्पष्ट होतो आणि मुखावरील भाव दिसत नाहीत, असे कारणही दिले आहे. हात म्हणजे अठरा इंच धरला, तर ही लांबी-रुंदी शहाण्णव फूट व अठ्ठेचाळीस फूट होते. म्हणजे सुमारे २९ मीटर आणि १५ मीटर! बास्केटबॉलचे मैदान आखणाऱ्या परकीयांनी भरतमुनी वाचले नसणार. हा योगायोग आहे. परंतु माणसाने माणसाला पाहावे, ओळखावे आणि त्याचा आवाज ऐकावा, एवढ्या मापाची जागा कोणत्याही काळी जवळजवळ सारखीच असावी, असे मानण्यास तो पुरेसा आहे. पालमला वरळी नको; भरताचे मध्यम गृह पुष्कळ झाले.

विभाग, जिल्हा व तालुका अशा तीन पायऱ्यांवर क्रीडासंकुले व्हावीत, असे राज्य शासनाचे धोरण आहेच. कागदावरील योजना जमिनीवर उतरावी आणि उतरल्यावर तिला कुलूप लागू नये, हे पाहणे गावातील जाणत्या लोकांचे काम आहे. ज्या घरांतून हे मासिक वाचले जाते, त्या घरांतील वडील मंडळी बहुधा शाळेच्या समितीवर, वाचनालयाच्या मंडळावर, उत्सवाच्या पंचांत असतातच. त्यांनी मनावर घेतले तर एक छप्पर उभे राहणे अवघड नाही.

परंतु त्यांच्याकडे माझी याहून लहान आणि याहून कठीण अशी एक विनंती आहे. कुवलयापीड मारण्यास श्रीकृष्णाला मथुरेपर्यंत जावे लागले. आपणास तितके लांब जावयास नको. संध्याकाळी सहा वाजता मुलगी खेळाचे कपडे घालून ओट्यावरून खाली उतरू लागली, की माजघरातून ‘आता कुठे?’ असा जो प्रश्न येतो, तो तेवढा आवरावा. तिची वाट पाहत दिवा लावून बसावे, परत आल्यावर कोण जिंकले ते विचारावे, आणि गरम पाणी काढून ठेवावे.